तेल वर चढेना

हिंगोलीत स्टेशनकडून मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, येताना डाव्या हाताला तातेरावांचं वर्कशॉप होतं. वर पत्रे, पुढे मोकळी जागा, आणि त्या जागेत कायम दोन-चार मोडकी मळणी यंत्रं, हळद घोळायचे ड्रम, बैलगाड्यांचे आस पडलेले. भीमराज खंदारे या वर्कशॉपात एकोणनव्वद साली लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, कामाला लागला. त्याचे वडील अमृतराव मोंढ्यात पोती वाहायचे. पोराच्या पाठीवर पोतं येऊ नये, एवढा एकच त्यांचा हट्ट होता. त्यांनी त्याला आयटीआयला घातलं, आणि टर्नरचा कागद घेऊन तो परत आला तेव्हा स्वतः त्याला घेऊन तातेरावांकडे गेले.

तातेराव साखरा गावचे. घरी शेती भरपूर, पण जीव लोखंडात. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या लिलावातून त्यांनी जुनी विलायती लेथ आणली होती. आठ फुटांची, हलवायची तर बारा माणसं लागावीत अशी. तिच्यावर शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, कातला की मापात केसाएवढाही फरक पडत नसे. भीमराजला ती पहिल्याच दिवशी आवडली. सकाळी आला की आधी तिचं अंग पुसायचं, मग चहा. तिच्याबद्दल कुणी वावगं बोललं तर तो दोन-दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसे. कामात चूक काढलेली तर त्याला मुळीच खपायची नाही. तशी ती निघायचीही क्वचित.

लेथच्या डाव्या अंगाला एक मोठी लोखंडी पेटी असते. कारागीर तिला हेड म्हणतात. गिअर सगळे तिच्यात. तळाशी दहा-बारा लिटर तेल. या मशीनमध्ये एक लहानसा पंप ते तेल वर ओढायचा, तांब्याच्या बारीक नळ्यांतून ते वरच्या थाळीत जायचं आणि थाळीच्या भोकांतून गिअरांवर, बेअरिंगवर ठिबकत राहायचं. पेटीच्या पुढच्या बाजूला रुपयाएवढी काच होती. मशीन चालू असताना काचेत तेलाची धार दिसली की समजायचं, आत ठीक चाललंय.

शहाण्णवच्या दिवाळीत भीमराजनं हेडचं तेल बदललं. जानेवारीत काचेतली धार बारीक झाली आणि आठवड्याभरात दिसेनाशी झाली. हेडला हात लावला तर चटका बसायचा.

"मालक, पंप गेला," भीमराज म्हणाला. "दाते झिजले असतील. समदं हेड खोलावं लागतंय. नांदेडहून पार्ट आला तर चार दिवस, न्हाई तर आठ."

तातेराव अंगणात बघत होते. हळदीच्या ड्रमांचे सहा शाफ्ट ओळीनं पडले होते. गावागावांत हळद उकडून वाळत पडली होती, आणि ड्रम फिरल्याशिवाय ती मोंढ्यात येणार नव्हती.

"आत्ता आठ दिवस? हंगाम सोडून? एप्रिलपर्यंत निभावून ने भीमराज. वरून हातानं तेल घाल ना."

"घालतो. पण धोका हाय."

"मशीन बिघडली तर नुकसान माझं. तू काहून भितो?"

धोका म्हणजे मशीनला धोका, असंच दोघांच्याही मनात होतं.

सुरुवातीला भीमराज दर अर्ध्या तासाला लेथ थांबवायचा, हेडचं झाकण काढायचा, लांब चोचीच्या डब्यानं तेल घालायचा आणि परत चालू करायचा. यात वेळ जायचा. लांब शाफ्टवर मध्येच मशीन थांबवली की तिथं वळ उठायचा, तो त्याला बघवत नसे. मग एक दिवस त्यानं झाकणाचे बोल्ट काढूनच ठेवले. झाकण चार बोटं बाजूला सरकवायचं, चालत्या मशीनवरच डब्याची चोच आत न्यायची, गिअरांच्या वरून धार सोडायची. तातेरावांनी ते पाहिलं.

"हे बराबर केलं," ते म्हणाले.

वर्कशॉपात वेल्डिंग आणि ड्रिलचं काम जळबा करायचा. तोही साखऱ्याचा, तातेरावांच्या गावचा. भीमराजहून तीन-चार वर्षांनी लहान, लग्न झालेला, रोज एसटीनं ये-जा करणारा. त्याला लेथ शिकायची फार हौस. भीमराज दुसऱ्या कुणाला लेथला हात लावू देत नसे, पण जळबाला द्यायचा. तेल कसं घालायचं तेही त्यानंच दाखवलं. "बाही वर कर. उजव्या हातात डबा, डावा हात झाकणावर. चोच गिअरला लागू द्यायची न्हाई. हं, अशी." जळबानं दोनदा करून दाखवलं. भीमराज म्हणाला, "जमलं तुला."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नरसीला डोळ्यांचं शिबिर लागलं. भीमराजच्या आईला, पद्माबाईला, मोतीबिंदू झाला होता. भीमराज तिला घेऊन गेला आणि रात्री तिथंच राहिला. लेथ जळबाकडे सोपवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वर्कशॉपात आला तेव्हा एकही मशीन चालू नव्हती. लेथचा पट्टा उतरवलेला होता. खाली फरशीवर राख टाकलेली. तेलाचा डबा हेडच्या कडेला पडला होता, चोच पिळून चपटी झालेली. तातेराव खुर्चीत बसून होते. त्यांनीच सांगितलं. चोच गिअरात सापडली. जळबानं डबा सोडला नाही, किंवा सोडायला वेळच मिळाला नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती, तळव्याचाही भाग गेला होता. जीप करून त्याला नांदेडला नेलं होतं.

भीमराज तसाच नांदेडला गेला. जळबा कॉटवर होता, हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर ठेवलेला. बायको भिकाबाई पायथ्याशी बसलेली. जळबानं त्याला पाहिलं आणि आधी तोच बोलला, जणू त्यालाच काही जाब द्यायचा होता.

"दादा, तू सांगितलं तसंच केलं मी."

भीमराज तासभर तिथं उभा राहिला. कुणी बस म्हटलं नाही, त्यालाही बसवलं नाही.

चार दिवसांनी तातेरावांनी त्याला आत बोलावलं. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, ऑफिसं परभणीला. तिथून कारखान्यांची तपासणी करणारे साहेब पुढच्या आठवड्यात यायचे होते.

"त्याआधी हेड दुरुस्त करून ठेव," तातेराव म्हणाले. "तेल आपोआप चढलं पाहिजे, झाकण बोल्टानं बंद पाहिजे. साहेबांनी विचारलं तर एवढंच सांगायचं, मशीन चांगली होती, झाकण बंद असायचं, त्या दिवशी जळबानं आपल्या मनानं उघडलं."

"पण मालक..."

"ऐक. वर्कशॉपला कुलूप लागलं तर पाच घरं बसतात. त्यात तुझं एक हाय. अन् चालत्या मशीनवर तेल घालायचं कुणी काढलं? मी काढलं का? तुझंच नाव येतंय त्यात. जळबाचं मी बघतो. माझ्या गावचा पोरगा हाय तो, मी वाऱ्यावर सोडणार न्हाई."

तातेराव खोटं बोलत नव्हते. दवाखान्यात रोज डबा त्यांच्याच घरून जायचा, शालूबाई, त्यांची बायको, स्वतः पाठवायच्या. भीमराजला तेही माहीत होतं.

रविवारी सकाळी त्यानं हेड खोललं. एकट्यानं. आधी तेल पिपात काढलं. झाकण उतरवलं, वरची थाळी काढली, नळ्या एकेक करून सोडवल्या. दोन नळ्यांत काळा गाळ बसला होता. त्यानं त्यात तार घातली, रॉकेल सोडलं, तोंडानं फुंकून बघितलं. मग पंप काढला. घरून निघतानाच त्यानं ठरवून टाकलं होतं की दाते झिजलेले असणार, पार्ट नांदेडहून आणावा लागणार. त्यानं पंप उघडला, दाते पुसले, उजेडात धरले. दात्यांना काही झालं नव्हतं. पंप ठणठणीत होता.

मग तेल चढत का नव्हतं? पंपाची खालची नळी, जी हेडमधून तेल ओढायची, ती तळाशी एका कोपऱ्यात जायची. तिथं हात घालायला गिअरचा एक दांडा काढावा लागला. भीमराजनं पालथं पडून हात आत घातला. नळीच्या तोंडाला काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर येईना. पुन्हा ओढलं आणि ते सुटून हातात आलं. वीतभर लांब, काळंकुट्ट, चिकट. नळीच्या तोंडात अर्धं गेलेलं.

त्यानं ते रॉकेलात बुडवून चोळलं. काळं निघालं तसा खालून हिरवा रंग दिसायला लागला, आणि कडेला पिवळा बारीक काठ.

ती चिंधी त्याच्या बायकोच्या, सपनाच्या लुगड्याची होती. दिवाळीत तेल बदलताना वर्कशॉपातला पुसायचा कापूस संपला होता, म्हणून त्यानं घरून जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या होत्या. तळ पुसल्यावर एक चिंधी आतच राहिली होती. त्यानंच ठेवलेली, त्यानंच वर तेल ओतलेलं, त्यानंच झाकण लावलेलं. दोन-अडीच महिने ती तेलात फिरत राहिली आणि जानेवारीत नळीच्या तोंडाशी जाऊन बसली.

त्यानं चिंधी बाजूला ठेवली आणि काम पुढे चालू केलं. दुसरं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. नळीच्या तोंडाला पितळी जाळी बसवली. एका नळीचा जोड चिरला होता, तो डाग देऊन बुजवला. बेअरिंगच्या बुशावर ओरखडे आले होते, ते घासून काढले. सोमवारी दुपारी नवं तेल भरून पट्टा चढवला आणि बटण दाबलं. थोडा वेळ काच कोरडीच होती. मग तिच्यात एक थेंब आला, आणि मग जाड, सोनेरी धार लागली. तातेराव शेजारी येऊन उभे राहिले.

"पंप बदलला?"

"न्हाई. पंप चांगला होता. नळीत घाण अडकली होती."

"म्हणजे किती वेळाचं काम होतं?"

"दीड दिवस."

तातेरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "दीड दिवस? तू आठ दिवस म्हणला होता, भीमराज. दीड दिवस म्हणला असता तर मी जानेवारीतच दिला असता की रे."

चिंधी भीमराजच्या पँटीच्या खिशात होती, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

घरी त्यानं सपनाला सांगितलं. तिनं चिंधी हातात घेतली आणि परत दिली. "माहीत कुणाला हाय?" तिनं विचारलं. "कुणालाच न्हाई." ती म्हणाली, "मग मला काहून सांगितलं? आता मलाबी झोप यायची न्हाई." अमृतराव बाजूला बसून सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "जळबाला विचार. हात त्याचा गेलाय."

बुधवारी भीमराज साखऱ्याला गेला. जळबा घरी आला होता. अंगणात बाजेवर बसून डाव्या हातानं भाकरी खायला शिकत होता. भीमराजनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चिंधी काढून दाखवली. सांगताना त्याला रडू आलं.

जळबानं भाकरी खाली ठेवली. भिकाबाई बोलली.

"तुमी कशाला आलात, भाऊ? तुमच्या मनावरचं आमच्या अंगणात टाकायला? आमाला आधी वाटायचं, नशिबानं झालं. आता रोज तुमचं तोंड दिसंल आमाला." मग तिनं विचारलं, "साहेबापुढं सांगसाल का हे?"

"मालक म्हणतात..."

"मालकाचं न्हाई विचारलं. तुमी."

जळबानं मान वर केली. भीमराज म्हणाला, "सांगतो."

साहेब शुक्रवारी आले. पन्नाशीचा शांत माणूस, बरोबर एक कारकून. त्यांनी लेथ चालू करायला सांगितली. काचेत धार, झाकण घट्ट, हेड थंड. "मशीन तर चांगली दिसते," ते म्हणाले. कारकून लिहू लागला. तातेराव म्हणाले, "साहेब, मशीन पहिल्यापासून अशीच. पोरानं आपल्या मनानं झाकण उघडलं." वेल्डिंगवर आलेल्या नव्या माणसानं मान डोलावली. तो तर त्या दिवशी नव्हताच.

साहेबांनी भीमराजकडे पाहिलं. "मिस्त्री तुम्हीच ना?"

"व्हय साहेब." भीमराज पुढे आला. "ही मशीन मी सोमवारी दुरुस्त केली. त्याच्या आधी दोन महिने तेल चढत नव्हतं. झाकणाचे बोल्ट मीच काढून ठेवले होते. चालत्या मशीनवर तेल मी घालायचो. जळबाला मीच शिकवलं. त्यानं आपल्या मनानं काय केलं न्हाई."

"मालकांना माहीत होतं?"

"माहीत होतं. पण चार-आठ दिवस लागतील असं मी सांगितलं होतं, ते माझं चुकलं. अन् बिघाड बी माझ्यानंच झाला." त्यानं खिशातून वर्तमानपत्र काढून उलगडलं.

कारकुनानं लिहायचं थांबवलं. साहेबांनी चिंधी पाहिली, हात लावला नाही. "हे लिहून घ्या," ते कारकुनाला म्हणाले. तातेराव तोपर्यंत बाहेर जाऊन उभे राहिले होते.

साहेब गेल्यावर ते आत आले. ओरडतील असं भीमराजला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

"मला आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले. "आठ वर्षं माझ्याकडे हाय तू. साहेबाच्या आधी मला सांगायचं होतंस."

ते खरं होतं, आणि ते भीमराजला सगळ्यात जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको, असं तातेरावांनी तोंडानं कधीच म्हटलं नाही. वर्कशॉपला पंधरा दिवस कुलूप होतं. ते उघडलं तेव्हा लेथवर वसमतचा एक माणूस उभा होता.

त्यानंतरचं एक वर्ष वाईट गेलं. गावातल्या दुसऱ्या लेथवाल्यांनी त्याला उभं केलं नाही. साहेबापुढं मालकाचं नाव घेणारा कारागीर कुणाला हवा असतो? तो मोंढ्यात हळदीची पोती वाहू लागला. अमृतरावांनी त्याला पहिल्या दिवशी पोतं उचलताना पाहिलं आणि ते घरी निघून गेले. त्यांनी त्याला दोष दिला नाही. मात्र ते मोंढ्यात परत कधी आले नाहीत, काम होतं तरी. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात ते वारले. आपल्यामुळे त्यांचं ते एक वर्ष घरात कोंडून गेलं, हे भीमराज पुढे अनेकदा बोलून दाखवायचा.

जळबाची भरपाई मंजूर व्हायला दोन वर्षं लागली. जबाबाचा उपयोग झाला, असं परभणीच्या कारकुनानंच भीमराजला एसटी स्टँडवर भेटल्यावर सांगितलं. जळबानं काही कळवलं नाही. त्या पैशांतून त्यानं साखऱ्यात पिठाची गिरणी टाकली. भीमराजला एका तेलगिरणीत फिटरचं काम मिळालं. काम बरं होतं. पण तो हळू झाला होता. कोणतीही मशीन बंद करून, मेनचा फ्यूज काढून, तो स्वतःच्या खिशात ठेवल्याशिवाय तो झाकणाला हात लावत नसे. मालक चिडायचे. तो ऐकून घ्यायचा. काही वेळा केलेलं काम पुन्हा उघडून बघायचा, घरी जेवताना मध्येच उठून गिरणीत जायचा. सपना म्हणायची, "बसा हो, बंद केलंय तुमी." तो जायचाच.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात साखऱ्याचा एक माणूस निरोप घेऊन आला. गिरणी चालता चालता थरथरते, जाणता मिस्त्री पाठवा, असं जळबानं सांगितलं होतं. कुणाचं नाव घेतलं का, असं भीमराजनं विचारलं. "न्हाई बा, मिस्त्री म्हणला." भीमराज दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला.

गिरणीत दळणाची रांग होती. जळबा पिठानं पांढरा झालेला, डाव्या हातानं डबे उचलून ठेवत होता. उजवा हात अंगाशी धरलेला. त्यानं भीमराजला ओळखलं. लोकांना म्हणाला, "तासभर बंद राहील," आणि स्वतः फ्यूज काढला. भीमराजनं पट्टा ताणून घेतला, बेअरिंग पाहिलं, खालचे बोल्ट कसले. जळबा दारात उभा राहून बघत होता. दोघं मशीनबद्दल बोलायचं तेवढंच बोलले. पट्टा ढिला झालाय. पाना दे. उजेड इकडं कर. आता चालू कर. भिकाबाई दळण घ्यायला आलेल्या बायकांत होती, ती मध्ये आली नाही. गिरणी चालू झाली, थरथर थांबली. जळबानं मजुरी पुढे केली. भीमराजनं ती घेतली, न घेतली असती तर बरं दिसलं नसतं.

परतीच्या गाडीला उशीर होता. तो सेनगावच्या फाट्यावर उन्हात दोन तास बसला. घरी पोचला तेव्हा सपना दारातच होती.

"काय म्हणला जळबा?"

भीमराजनं चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं.

"पट्टा ढिला झाला होता म्हणला," तो म्हणाला, आणि आत जाऊन आडवा झाला.